अक्काच्या प्रार्थनेची वेळ

असले अनुभव मी आजवर फक्त वाचत आले. वाचून झालं की त्यातली फट शोधायची, ही सवय. तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली, त्यामुळे छापलेल्या सगळ्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे पक्कं ठाऊक आहे. आज स्वतःच लिहायला बसलेय, तर फट तुम्हीच शोधा... मला सापडलेली नाही.

आमचं घर ख्रिस्ती. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी मिरजेकडून हुबळीला आले. मी मात्र कॉलेजात असतानाच प्रार्थना सोडली. देवाशी भांडण नव्हतं. समोर कुणी ऐकतंय असं वाटेनासं झालं, एवढंच.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, रिटायर्ड नर्स. धारवाडजवळ रायापूरला आम्ही दोघीच राहायचो. तिच्या चर्चमधल्या बायकांची प्रार्थनेची साखळी आहे – प्रत्येकीला दिवसातला अर्धा तास. आपली वेळ संपली की पुढचीला फोन लावायचा, प्रार्थनेची शेवटची ओळ फोनवर म्हणायची, तिनं आमेन म्हणायचं आणि तिथून तिनं सुरू करायचं. अक्काची वेळ दुपारी साडेतीन ते चार. तिच्या पुढची हुबळीची एस्तेरक्का.

मागच्या वर्षी अक्काचा कॅन्सर शेवटाला आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तेव्हा मला कळलं, अक्का घाबरलीय. कितीतरी माणसांच्या शेवटच्या घटकेला हात धरून प्रार्थना केलेली बाई.

"दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून सोपं असतं गं," ती म्हणाली. "माझ्यासाठी तू म्हण. एकच ओळ."

"अक्का, माझा विश्वास नाही. तुझ्यापुढे नाटक करू का?"

"कर की. नर्सिंगमध्ये आम्ही रोज करायचो."

मी हसले. पण ओळ म्हटली नाही.

त्याच आठवड्यात तिच्या बटणांच्या मोबाईलची बॅटरी फुगली. सोमवारी हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या दुकानात तो दुरुस्तीला दिला. मग चार वाजले की माझ्या फोनवरून मीच एस्तेरक्काला कळवायची, "चार वाजले." ती वैतागायची. "टाइम सांगायला माझ्याकडे घड्याळ आहे, तंगी. ओळ सांग." तंगी म्हणजे धाकटी बहीण. गेली चाळीस वर्षं ती मला तेच म्हणते.

गुरुवारी दुपारी अक्काचा श्वास बदलला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. बोलता येत नव्हतं, पण ती काय मागत होती ते मला कळत होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चारला वीस कमी असताना तिची बोटं सैल झाली. ती घाबरतच गेली का, हे मला समजलं नाही... मी तशीच बसून राहिले. साडेचारला उठले, स्वयंपाकघरातून माझा फोन आणला आणि चर्चच्या पाळकांना कळवलं.

आठव्या दिवशी घरी प्रार्थना झाली. सगळे गेल्यावर एस्तेरक्का मागे थांबली.

"शेवटी म्हणालीस ना. बरं केलंस."

"काय म्हणाले?"

"गुरुवारी. चारला फोन केलास, अक्काच्या नंबरवरून. 'प्रभू, हिला भिऊ देऊ नकोस, हिचा हात धर.' किती छान म्हटलंस."

"एस्तेरक्का, चारला अक्का नव्हती. मी कुणालाही फोन केला नाही."

तिनं चष्मा लावला आणि आपला मोबाईल पुढे केला. अक्काचं नाव, गुरुवार, चार वाजता, दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मी कोप्पीकर रोडला गेले. दुकानदारानं ड्रॉवरमधून पाकीट काढलं. फोन, सिम, फुगलेली बॅटरी, सगळं वेगवेगळं. "नवी बॅटरी अजून आलीच नाही, मॅडम. काढून ठेवल्यापासून हात पण लावला नाही."

एस्तेरक्का खोटं बोलत असेल, माझं सांत्वन करत असेल, असं धरून मी पुन्हा तिच्याकडे गेले. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली.

"तुझा आवाज मला कळत नाही का? आणि मला आमेन म्हणूच कुठे दिलं? मागून अक्काच म्हणाली."

मी खाली बसले.

"कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं. तुझं पुरं व्हायच्या आत. तिला कधी दम होता का?"

याला सात महिने झाले. दुकानदार, एस्तेरक्का, मोबाईल कंपनी – सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कुठलंच उत्तर पुरत नाही. ते वाक्य मी म्हटलेलं नाही, मनातसुद्धा नाही, हे मी शपथेवर सांगेन. मधे एकदा अक्काच्या रिकाम्या खाटेशी बसून ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. "हिला" या शब्दाशी अडकले. आता कुणासाठी मागायचं, ते कळेना.