पहारेकऱ्याची बायको

चौकातल्या जिन्याखाली किल्लीवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस आणि एक मशीन आत शिरलं की वाऱ्यालासुद्धा परवानगी काढून यावं लागायचं. गिऱ्हाईक आलं की याचा पहिला प्रश्न, ‘कुलूप कुणाचं?’ दुसरा, ‘तुम्ही त्यांचे कोण?’ साबणावर किल्लीचा ठसा उठवून कुणी आणला, तर त्याला असा काही पिटाळायचा की बिचारा साबणही तिथेच विसरून जायचा. केलेल्या प्रत्येक किल्लीच्या मानेवर हा कानशीने एक बारीक तिरपी खाच पाडायचा. उद्या कुठे चोरी झाली, पोलिसांनी किल्ली समोर टाकली, तर आपली कोणती आणि दुसऱ्याची कोणती हे सांगता यावं म्हणून. या खाचेची गोष्ट त्याला ठाऊक होती आणि त्याच्या बायकोला, कारण नव्या संसारात ती दुकानात बसायची तेव्हा खाचा तीच पाडायची.

बायको त्याला शंकासुर म्हणायची. आणि काय खोटं होतं हो त्यात? घराची किल्ली तिच्या पर्समध्ये असून उपयोग शून्य, कारण हा घरी असला की आतून कडी घालून बसायचा. ती शिवणाचे कपडे पोचवून यायची, दार वाजवायची.

‘कोण?’

‘मी.’

‘मी कोण?’

‘तुमची बायको! अजून कोण येणार मरायला?’

मग कडी निघायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन तिच्या घरी गेली, पण कडीचा कार्यक्रम चुकला नाही.

अशा माणसाची बायको एक दिवस मोबाईलकडे बघून हसली. नुसती हसली असती तर ठीक, पण हा आत आल्याबरोबर तिने मोबाईल पालथा ठेवला. झालं! किल्लीवाल्याने त्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवली.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. शिलाई मशीनखाली रुपेरी धागे सापडले. ती शिवायची शाळेचे गणवेश, त्यांना रुपेरी धागा कशाला लागतो? विचारलं तर म्हणाली, ‘एका गिऱ्हाइकाचं आहे.’ कोण गिऱ्हाईक? ‘तुम्ही ओळखत नाही.’ स्वयंपाक करताना ती काहीतरी पुटपुटायची आणि स्वतःशीच मान डोलवायची. एकदा तिच्या मोबाईलवर ओळ चमकून गेली ती त्याने वाचलीच: ‘आज कुठे आहात? तुमच्याशिवाय मजा नाही.’ पाठवणाऱ्याचं नाव, चंद्रावरचा माळी.

त्या ओळीने त्याला भाजून काढलं. मनात आलं, तोंडावर विचारावं. पण विचारलं आणि ती खरंच ‘हो’ म्हणाली तर? त्यापेक्षा पुरावा बरा.

रुपेरी धागा कागदात गुंडाळून तो शेजारच्या न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणाला, ‘दादा, माझं काही म्हणणं नाही, पण या वयात बाई उगाच हसत नाही.’ ‘माझं काही म्हणणं नाही’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं, पण किल्लीवाल्याला तोच एक शहाणा भेटला होता. न्हाव्याने चंद्रावरच्या माळ्याचा माग काढला आणि मोबाईलवर चाहत्यांचा एक मोठा गट सापडला. ‘ध्रुवयान’ नावाची जुनी मालिका. अंतराळात भरकटलेलं यान, पुठ्ठ्याचे ग्रह, दोरीला टांगलेल्या उल्का. किल्लीवाल्याला अंधुक आठवली. लग्नाच्या आधी लागायची. हजारो माणसं आता त्या पुठ्ठ्यावर जीव टाकत होती, कारण मालिकेला चाळीस वर्षं व्हायची होती.

‘आत शिरायला नाव लागेल आणि फोटो,’ न्हावी म्हणाला.

नाव ठेवलं ‘जुना प्रेक्षक’. फोटो स्वतःचा कसा लावणार? समोर नुकतीच केलेली पितळी किल्ली होती, छान चकचकीत. तीच लावली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की किल्लीवाला शटर अर्धं ओढून वाचत बसायचा. चंद्रावरचा माळी पहिल्याच दिवशी सापडला. तो निघाला एक रिटायर्ड पोस्टमन, तोंडात दात नाहीत, डोक्यावर चाळणी घालून फोटो काढलेला. किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला खरा, पण लगेच दुसरी शंका आली. इतक्या माणसांत बायको कुठली?

तीही सापडली. नाव वाचून त्याचे कान तापले. ‘पहारेकऱ्याची बायको.’

मालिकेत यानाच्या दारावर एक यंत्रमानव होता, पहारेकरी. डोकं डब्याचं, डोळा एकच. येईल त्याला विचारायचा, ‘कोण? कशासाठी? कुणाच्या शब्दावर?’ बायकोने लिहिलं होतं, ‘तुम्ही याला टीव्हीवर बघितलंत. मी याच्याशी संसार करते.’ आणि पुढे सगळा शंकासुर! दुधाचा वास तीनदा घेणारा, लग्नाच्या पंगतीत चपलांवर डोळा ठेवून जेवणारा, जावई बघायला आला तेव्हा त्यालाच ओळखपत्र मागणारा. खाली माणसं हसून लोळत होती. ‘काकू, आज पहारेकऱ्याने काय केलं?’ असं रोज विचारत होती. रुपेरी धाग्यांचाही उलगडा झाला. मालिकेतल्या कप्तानबाईंचा गणवेश होता तो. घालून, आरशासमोर काढलेला तिचा फोटोही होता. चांगली दिसत होती. लग्नात दिसली होती त्याहून चांगली, असं त्याला वाटलं, आणि हे आपल्याला चोरून बघावं लागतंय याचा रागही आला.

जगासमोर आपली अब्रू काढते काय? त्या दिवशी तो घरी जेवला नाही. ‘बरं नाही का?’ तिने विचारलं. ‘तुला काय करायचंय,’ तो म्हणाला. ती ताट उचलून आत गेली.

त्यानंतर तिच्या लिहिण्यातलं हसू कमी होत गेलं. किल्लीवाला वाचत राहिला. सोडवत नव्हतं.

मालिका अर्धवट बंद पडली होती. शेवटच्या भागात कप्तान बाहेरची दुरुस्ती करून परत येते. तिचा आवाज घोगरा झालेला असतो. पहारेकरी विचारतो, ‘कोण?’ ती म्हणते, ‘मी.’ त्याला पटत नाही. दार बंद, हवा संपत आलेली, आणि तिथेच पडदा. पुढे काय झालं यावरून चाहते इतकी वर्षं भांडत होते. मालिकेच्या वाढदिवशी ज्याने त्याने आपापला शेवट लिहायचा, असं गटात ठरलं.

त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, ‘संध्याकाळी बहिणीकडे जाते आहे.’ किती दिवस, ते बोलली नाही. यानेही विचारलं नाही, कारण मनात दुसरंच विचारायचं होतं, बहिणीकडेच ना?

दुपारी त्याने मोबाईल उघडला. गटात नुसता जल्लोष. कुणी केक कापला होता, कुणी नातवाला पहारेकरी केलं होतं. पोस्टमनने चाळणीला दिवे लावले होते. मग तिचं आलं.

‘माझ्या शेवटात कप्तान दार वाजवत नाही. इतकी वर्षं स्वतःच्याच घरी “मी कोण” ते सांगून तिचा घसा बसलाय. तुम्हाला हसवलं, पण हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. तिच्या बहिणीचं यान जवळून जात असतं. ती त्यात बसते. बॅग भरलेली आहे.’

किल्लीवाल्याने ते परत वाचलं. उत्तर लिहायला गेला, दोन अक्षरं लिहिली, खोडली. कुणी परका माणूस तिला नेत असता तर त्याची गचांडी धरली असती. इथे धरणार कुणाची?

मशीन चालूच ठेवून तो निघाला. न्हावी ओरडला, ‘दादा, दुकान उघडं!’ याला ऐकूच गेलं नाही.

घरी कुणी नव्हतं. बॅग मात्र खाटेशेजारी उभी होती. शिवलेले कपडे पोचवायला गेली असणार, बॅगसाठी परत येणार. तो आत आला, दार लोटलं, आणि हात आपोआप कडीवर गेला. तो हात त्याने दुसऱ्या हाताने ओढून मागे घेतला. दार नुसतं लोटून ठेवलं आणि खाटेवर बसला. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की अर्धा उठायचा आणि परत बसायचा. साधं लोटलेलं दार, पण त्याला वाटत होतं आपण उघड्यावर बसलोय.

शेवटी ओळखीची पावलं आली. दारापाशी थांबली. दाराला हात लागला आणि दार सरकलं. बाईने जन्मात आपलं दार असं उघडं पाहिलं नव्हतं.

‘कोण आहे आत?’ ती घाबरून ओरडली.

‘मी,’ तो म्हणाला.

‘मी कोण?’

त्याला सगळं समजलं आणि डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणावं, तर ते खरं असलं तरी अर्धवट होतं.

‘जुना प्रेक्षक,’ तो म्हणाला.

ती आत आली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासून. तुमच्या फोटोतल्या किल्लीच्या मानेवर खाच होती.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत का? मला वाटलं, निदान वाचताय तर खरं. मग तुमच्यासाठीच लिहायला लागले.’ तिने बॅगेचा बंद हातात घेतला. तिचा आवाज खरंच घोगरा झाला होता. ‘सगळी दुनिया वाहवा करत होती हो. तो बिनदाताचा पोस्टमन रोज बदाम पाठवायचा. आणि तुम्ही सगळं वाचून एकदाही अंगठा दाबला नाहीत.’

किल्लीवाल्याने खिशातून मोबाईल काढला. चष्मा शोधला, तो सापडेना. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला.

‘कुठे दाबायचं, दाखव,’ तो म्हणाला.

तिने बॅगेचा बंद सोडला नाही. पण शेजारी बसली, आणि दुसऱ्या हाताने त्याचं बोट धरून आपल्या पहिल्या पोस्टपासून सुरुवात केली.