टिटवीभोवतीचे दगड

टिटवी ओरडली की औंढ्याजवळचा वनखात्याचा माळ आठवतो. तिथं आम्ही दोघं मित्र सुटीच्या दिवशी डबे घेऊन भटकायला जायचो. एका उन्हाळ्यात पायाशीच, उघड्या मुरमावर, टिटवीची अंडी दिसली. अगदी खड्यांच्या रंगाची. "काहून बोंबलून राहिली ही?" मित्रानं वर बघत विचारलं. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी अंड्यांभोवती दगड मांडले आणि ते लांबून दिसावेत म्हणून मित्राच्या डबीतला चुना त्यांना फासला. पिल्लं कशी असतील, या उत्सुकतेनं आठवडाभर झोप नव्हती. पुढच्या सुटीला गेलो, तर दगडांना शेंदूर लागलेला, मधोमध फुटलेला नारळ आणि भोवती सहलीला आलेली माणसं हात जोडून उभी. अंडी कुठंच नव्हती. "कोणता देव हाय, मामा?" मी एका म्हाताऱ्याला विचारलं. "ते ठाऊक न्हाई बाबा, पण कडक हाय!" दगड मीच मांडलेत, असं सांगणार तोच मित्र कानाशी पुटपुटला, "गप, मार खाशील." मी चपला काढल्या आणि पाया पडलो. आज तिथं पत्र्याचा मंडप आहे, रविवारी गाड्या मावत नाहीत. इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही. अजूनही जातो, पण मंडपात नाही; पलीकडच्या मुरमावर, खाली बघत, पाऊल जपून टाकत हिंडतो.