मशीनवरच्या चपला

कागदावर आम्ही रिगर, पण तळोज्यात सगळे आम्हाला खलाशीच म्हणतात. आमच्या सोसायटीतले एक काका भेटले की हमखास विचारणार, "काय, बोट कधी लागली?" सांगून सांगून तोंड दुखलं, की अहो, आम्ही अवजड मशीनं क्रेनला बांधतो, उचलतो आणि जागेवर बसवतो. आता मी नुसतं "काल" म्हणतो आणि जिना चढतो.

काकांचं सोडा. खरं डोकं फिरवतात ते कारखान्यातले लोक. मशीन हवेत गेलं रे गेलं, की वॉचमनपासून मालकाच्या साडूपर्यंत जो तो क्रेनवाल्याला हात हलवून इशारे द्यायला लागतो. अरे बाबांनो, इशारा एकानेच द्यायचा असतो! आणि तो एक म्हणजे मी. माझी शिट्टी वाजल्याशिवाय क्रेन हलायची नाही, कारण खाली माझा जोडीदार असतो. तो इथलाच, खाडीकाठच्या गावातला. बारा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. वर मी बघायचं, खाली त्याने. त्याचे हात माझ्या भरवशावर आत असायचे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवशी आठ टनांची प्रेस बसवायची होती. आम्ही पट्टे बांधले. मशीनच्या धारदार कडेवर पट्टा उघडा राहिला तर कापला जातो, म्हणून मधे जाड रबर घालायचं. त्यासाठी तयार तुकडे मिळतात म्हणे, ते आम्ही फक्त ट्रेनिंगमध्ये पाहिले. आम्ही वापरायचो जुन्या रबरी चपला. चार कडा होत्या, चार चपला घातल्या आणि मी क्रेनवाल्याकडे वळलो.

तेवढ्यात पूजा निघाली. मालकाच्या आई आरतीचं ताट घेऊन आल्या आणि मशीनकडे बघून जागीच थबकल्या.

"अगं बाई! लक्ष्मीच्या अंगावर चपला? काढा हो त्या आधी!"

मॅनेजर माझ्यावर डाफरला. जोडीदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काडू नको रे. समजव त्यांना." त्याचं बरोबर होतं. पण म्हाताऱ्या बाईंशी भर पूजेत कोण वाद घालणार? पाच मिनिटांत आटपेल, मग परत घालू, असं म्हणून मी माझ्या हातांनी पट्टे सैल केले आणि चारही चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या.

पाच मिनिटं कसली! पाऊण तास झाला. हार झाले, नारळ झाला, गुरुजींचा मोबाईल दोनदा वाजला, मग फोटो. एका फोटोत मलाही ओढलं. आणि मग एकदम सगळ्यांना साक्षात्कार झाला, की मुहूर्ताची सातच मिनिटं उरलीत. "अहो उचला, उचला! काय बघताय?" मॅनेजर घड्याळ नाचवतोय, साडू हात हलवतोय. माझं टाळकं असं सटकलं होतं, की एकदाचं हे बसवावं आणि इथून सुटावं, एवढंच डोक्यात. पट्टे ताणले. त्यांच्यावर झेंडूचे हार लोंबत होते. हाराखाली काय आहे, काय नाही, मी पाहिलं नाही. शिट्टी वाजवली.

मशीन उचललं, सरकलं, पायाच्या बोल्टांवर आलं. जोडीदार खाली वाकून भोकं जुळवत होता. पहारीचं काम शेवटी हाताने करायची त्याची खोड होती, त्यावरून मी त्याला किती शिव्या घातल्या असतील! कडेवरचा एक पट्टा फाटला आणि मशीनचा एक कोपरा वीतभर खाली आला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी सेफ्टीवाला हॉस्पिटलात जबाब घ्यायला आला. मी खाटेशेजारी उभा होतो. सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आत जोडीदार बोलून मोकळा झाला. "माजीच चूक हाय साहेब. पहार टाकून हात घातला मी. पट्टा जुना होता, फाटला."

सेफ्टीवाला फोनवर बोलायला बाहेर गेला, तसा मी भडकलो. "अक्कल गहाण टाकलीस का? चपला मी काढल्या, शिट्टी मी वाजवली. आणि तू कशाला अंगावर घेतोस?"

"वरडू नको. तुजी पोरगी बारावीला हाय. तुला कामावरून काडतील. माजी बोटं काय परत येनार हायत?"

असा संताप आला मला त्याचा! एक सणसणीत ठेवून द्यावी, असं वाटलं. त्या बाईंचा आला, मॅनेजरचा आला, पण त्याच्याइतका कुणाचाच नाही. सेफ्टीवाला आत आला. "तुम्ही तिथेच होतात ना? साक्षीदार म्हणून इथे सही करा."

मी जबाब दोनदा वाचला. मग खाली सही केली, पूर्ण नावाने.