खोळीतली दुनळी

लग्नाच्या मांडवात शिरले की आबा आधी बंदुकीसाठी खुर्ची शोधत. स्वतःला मिळाली नाही तरी चालायचं, ते उभे राहत. पण दुनळीला खुर्ची हवीच. खाकी खोळीतली ती बारा बोअरची बंदूक खुर्चीवर आडवी ठेवायची, खोळीवरून एकदा हात फिरवायचा आणि शेजारच्याला बजावायचं, "जरा सरकून बसा पाव्हणं. माणूस न्हाई ती."

माणूस नाही म्हणून तिला जास्त जागा. हे गावात कुणालाही विचित्र वाटत नसे. खुर्च्या कमी पडल्या तर यजमान एखाद्या म्हाताऱ्याला उठवत, बंदुकीला उठवत नसत.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. आमच्या शिराळ्याच्या बाजूला तर दर गावात दोन-चार सापडतात. यांना परवानाधारक म्हणतात. परवान्यावर कारण लिहिलेलं असतं, पीक संरक्षण. आबा आमचे शेजारी, त्यामुळे ही बंदूक मी लहानपणापासून पाहत आलो. तिनं कोणतं पीक राखलं ते मात्र मला आजवर कळलेलं नाही. चांदोलीच्या रानातून डुकरं उतरत, रातोरात भुईमूग उकरून जात. ज्यांचा भुईमूग ते लोक फटाके वाजवत, पत्र्याचे डबे बडवत. परवानाधारक सकाळी चहा पिऊन येत, वाफ्यातले ठसे बघत आणि डुक्कर केवढं होतं ते सांगत.

"नर हुता," आबा म्हणत. "लय मोठा."

एवढं सांगून संरक्षण संपे.

तरी एक गोष्ट मी नाकारणार नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. निकाल कळला तेव्हा वडिलांना काय करावं सुचेना, ते नुसतेच अंगणात फिरत राहिले. आबा बंदूक घेऊन आले. "आमच्या आळीत बी.ए. झालाय गड्या, मुक्यानं बसायचं व्हय?" म्हणाले आणि आभाळात बार काढला. आमची म्हैस दावं तोडून ओढ्यापर्यंत पळाली, चार कौलं फुटली, आईनं बंदुकीला आणि मला एकाच दमात शिव्या दिल्या. पण गावातल्या मोठ्या घरांच्या लग्नांत वाजणारा तो बार त्या दिवशी आमच्यासाठी वाजला होता. मी आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. माझा त्याहून मोठा सत्कार झालेला नाही.

मग बातमी आली की सरकार बंदुकांवर नवे निर्बंध आणणार. पीक संरक्षणाच्या बंदुका ठाण्यात ठेवायच्या, हंगामापुरत्या मागून न्यायच्या, आणि परवाना नवा करताना निशाण मारून दाखवायचं. मला ते रास्त वाटलं, आजही वाटतं. परवानाधारकांत मात्र हलकल्लोळ उडाला. डुकरांनी शिवारं उकरली तेव्हा जे कधी एकत्र आले नव्हते, ते आता रोज संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर जमू लागले. आमच्या संस्कृतीवर घाला, शेतकऱ्याला निःशस्त्र करण्याचा डाव, अशी भाषा सुरू झाली. एकानं तर छत्रपतींनाही यात ओढलं. निशाण मारून दाखवायच्या अटीबद्दल कुणी फार बोलत नव्हतं. खरी कळ तिथंच होती.

निवेदन लिहायला आबा माझ्याकडे आले.

"मास्तर, जरा जहाल लिव्हा."

"आबा, तुम्ही शेवटचं डुक्कर कधी मारलं?"

"मारायला कशाला पायजे? घरात बंदूक हाय हे त्याला कळतं."

"मग ते दरवर्षी येतं कसं?"

आबांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "आवं, बंदूक नसती तर दोनदा आलं असतं."

मी निवेदन लिहून दिलं. माझं स्वतःचं मत वेगळं असल्याचं सांगितलं तर म्हणाले, "असू दे की. मत तुमचं, अक्षर आमचं."

तालुक्याला मोर्चा ठरला. पोलिसांनी आधीच कळवलं, मोर्चात शस्त्र आणाल तर परवाना जाईल. ओट्यावर पुन्हा बैठक बसली. बंदुकीशिवाय बंदूकवाल्यांचा मोर्चा कसा काढायचा? शेवटी त्यांच्यातल्या पुढाऱ्यानं तोड काढली. नुसत्या खोळी खांद्याला लावायच्या. रिकाम्या खोळी लोंबतील म्हणून आत काहीतरी ताठ हवं. कुणी काठी सुचवली. पण आपल्याकडे ताठ आणि फुकट अशी एकच वस्तू असते. प्रत्येकानं खोळीत उसाचं कांडं घालावं असं ठरलं.

आबा तेवढे उठून उभे राहिले. "खोळीत ऊस? मग लोकांनी तोंडानं हसायचं का आणखी कशानं?"

"आबा, लांबून काय कळतंय?" पुढारी म्हणाला.

"लांबून न्हाई कळत. मला कळंल की."

मोर्चा निघाला. फेटे बांधलेले, मिशा वळवलेले, खांद्याला खोळ लावलेले गावोगावचे वीर भर उन्हात घोषणा देत चालले. "बंदूक आमच्या हक्काची!" मी कॉलेजच्या फाटकात उभा राहून पाहत होतो. कापलेल्या उसाला रस सुटला होता. खोळी ओल्या झाल्या, माश्या घोंगावू लागल्या आणि मुंगळे खोळीवरून कॉलरीत उतरू लागले. घोषणेला वर जाणारा हात मधेच मानेकडे वळू लागला. हक्कासाठी लढणारी एवढी माणसं एकाच वेळी मान खाजवताना मी प्रथमच पाहिली. राहवलं नाही म्हणून मी मागोमाग गेलो.

कचेरीच्या दारात फौजदार उभे होते. "खोळी उघडा."

पुढारी पुढं झाला. "साहेब, शस्त्र न्हाई. ऊस हाय."

"उघडा."

खोळी उघडल्या. कांडी बाहेर आली. बघ्यांत खसखस पिकली, कुणीतरी ओरडलं, "गुऱ्हाळ कवा हाय रं?" फौजदारांनाही हसू आवरेना. ओळ पुढं सरकली आणि आबांची पाळी आली. आबांच्या खोळीवर एकही माशी नव्हती. तिचा आकारही कांड्याचा नव्हता. फौजदारांनी हात लावला आणि त्यांचं हसू गेलं.

ते जाणते होते. म्हाताऱ्याकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ऊसच आहे ना, आजोबा? चला पुढे."

मी जवळच होतो. "चला आबा," मी दंडाला धरून म्हणालो. फक्त मान हलवायची होती. बंदूक घरी गेली असती.

आबा हलले नाहीत. "ऊस न्हाई साहेब. बंदूक हाय."

"आजोबा, मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

"कळतंय की. पर माझ्या बापाची हाय ही. तिला ऊस कसा म्हणू?"

त्यांनी स्वतःच गाठ सोडली आणि नळी जमिनीकडे ठेवून दुनळी बाहेर काढली. बंदूक बिजागरीत मोडून नळ्या उघडून दाखवल्या, आत काडतूस नव्हतं. मागचे सगळे परवानाधारक एव्हाना चार पावलं सरकले होते. मघाशी खांद्याला खांदा लावून चाललेला पुढारी फौजदारांना सांगत होता, "साहेब, ह्यो आमच्यात न्हाई. आमी सगळ्यांनी ऊस आणला हुता."

बंदूक जमा झाली, परवाना रद्द झाला. पुढं सरकारचा नव्या निर्बंधांचा मसुदाही बासनात गेला. ज्यांनी ऊस आणला होता त्यांच्या बंदुका त्यांच्या भिंतीवर राहिल्या, आणि विजय झाला म्हणून त्यांनी पेढे वाटले. आबांच्या घरीही एक पुडा आला. काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, तो आमच्या म्हशीपुढं टाकला.

आबा त्यानंतर लग्नाला जाईनासे झाले. कुणी बोलावलं तर म्हणत, "मोकळ्या हातानं काय जायाचं?" बंदुकीचा एवढा गर्व बाळगणं मला मूर्खपणाचं वाटे, अजूनही वाटतं. पण त्या दिवशीच्या गर्दीत एकच माणूस खरं बोलला आणि शिक्षा त्यालाच झाली, हेही खरं. त्यांना समजवायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून परत आलो.

थंडीत आबा गेले. सकाळी अंगणात तिरडी बांधून झाली, तेवढ्यात तिघे परवानाधारक बंदुका घेऊन आले. पुढारी पुढं होता. "आबांनी बंदुकीसाठी लय सोसलं," तो गहिवरून म्हणाला. "मानवंदना द्यायची हाय."

पहिल्यानं नळी वर करून चाप ओढला. खट् झालं, बार नाही. काडतूस बदललं, पुन्हा खट्. दुसऱ्याची बंदूक मोडेचना, गंजून बसली होती. तो गुडघ्यावर घेऊन तिला दाबू लागला. राहिला पुढारी. त्याचा बार उडाला, पण नळी पुरती वर जायच्या आत. आमच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीला छर्रे लागले. माणसं खाली बसली, पोरं रडू लागली आणि टाकीतून बारीक धारा अंगणात पडू लागल्या.

काकी आबांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या तेवढ्या दचकल्या नाहीत. त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"झालं न्हवं तुमचं? आता ती लाकडं भितीला लावा अन् खांदा द्या. मास्तर एकटाच उभा हाय."

तिघांनी बंदुका भिंतीला टेकवल्या आणि तिरडीखाली शिरले. मी चौथा होतो. ओल्या अंगणातून जपून पाय टाकत आम्ही आबांना बाहेर काढलं.