चार रात्रींचा शब्द

आमच्या घराण्यानं कॅलेंडरपेक्षा मेंढ्यांच्या खुरांवर जास्त भरवसा ठेवला. डोंगरातल्या पावसात लोकर भिजली, चिखलात खूर कुजले की मेंढी हातची गेली. म्हणून दिवाळीनंतर आमचा कळप बेल्ह्याच्या माळावरून डोंगरातल्या तळेघरकडं चालायचा आणि पावसाच्या आधी माघारी यायचा. रात्री भातखाचरात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांवर भात पिकायचा आणि त्यातलं धान्य आमच्या घरी यायचं. पावसानं आम्हाला चालायला लावलं आणि आमच्या चालण्यानं तिथली जमीन कसदार केली. मी आता चाकणला कंपनीत असतो, चालतो तो बसथांब्यापर्यंत. पण हे सांगताना माझी मान ताठ होते.

हल्ली पाऊस कधीही येतो. एका वैशाखात मी रजा काढून तळेघरला कळपाकडं, आईवडिलांकडं गेलो, तर भर दुपारी आभाळ काळंभोर. वडिलांनी तिथल्या शेतकऱ्याला अजून चार रात्री मेंढ्या बसवायचा शब्द दिला होता. अर्ध्याच खाचराला खत मिळालं, तर उरलेल्या अर्ध्यात भात फिका दिसतो, आणि कळप कुणाचा होता हे गाव विसरत नाही. वडील हलेनात. मुक्काम कधी हलवायचा हे आमच्यात पुरुषच ठरवतात, त्यातही थोरले, त्यामुळं मीही शहाण्यासारखा मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या खुंट्या ठोकायला लागलो.

आईनं भांडीकुंडी घोड्यावर बांधली आणि म्हणाली, "शब्द तुमी दिला. पावसानं कुणाला दिलाय?"

मग तिनं कोवळी कोकरं झोळीत घालून झोळी घोड्यावर टाकली, जाळी उघडली आणि लगाम धरून चालू लागली. कोकरांच्या आया ओरडत मागं, आयांच्या मागं सगळा कळप. वडील रिकाम्या जाळीपाशी उभे. शेवटी ते शेतकऱ्याची माफी मागायला गेले, तर तोही सकाळपासून आभाळच बघत होता. 'जा' म्हणायचा त्यालाच संकोच वाटत होता.

वाटेत आम्ही भिजलो, पण थांबलो नाही. पुढं कितीतरी दिवस डोंगरात पाऊस कोसळत राहिला. मागं राहिलेल्या कळपांतली मेंढरं पटापट दगावली. आमचं एक कोकरूही गेलं नाही. आईचा मला एवढा अभिमान वाटला की कंपनीत मी भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली.

आता भाऊबंद मुक्कामावर येऊन विचारतात, यंदा कधी माघारी फिरायचं? वडील चहाचा कप खाली ठेवतात आणि सगळ्यांसमोर सांगतात, "मला इचारू नका राव. कळप तिचा हाय."