तुलनेचा तारा

हेल्मेट हातात घेऊन बायकोनं दारातूनच विचारलं, "मग लिहून देऊ ना नकार?"

"दे," मी म्हणालो.

ती बँकेत आहे. बढती मिळत होती, पण नागपूरला. माझ्या पीएचडीसाठी तिनं एकदा आधीही नाही म्हटलं होतं. प्रबंधाची शेवटची मुदतवाढ जूनमध्ये संपणार होती. तो जमा झाला तर कॉलेजातली माझी तात्पुरती नोकरी कायम व्हायची आशा होती, म्हणजे सोलापुरातलं, जुळे सोलापूर भागातलं घर सोडायचं कारण नव्हतं. नाही झाला तर नोकरी जाणार, आणि मग तिची बढती हाच आधार. बँकेला उत्तर त्याच दिवशी हवं होतं.

प्रबंध एका ग्रहाच्या उष्णतेवर उभा होता. हा ग्रह आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याची एक बाजू कायम भट्टीत असते. तो वेगळा दिसत नाही. दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. ग्रह ताऱ्यामागे गेला की त्याचा उजेड त्या ठिपक्यातून वजा होतो. किती वजा झाला, त्यावरून त्याची हवा किती तापली आहे ते काढायचं. घट हजारात एखादा भाग. हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखाच की. पाहुणे आले की आतल्या खोलीत. गेल्यावर कळतं, होता म्हणून."

जमिनीवरून हे मोजताना अडचण आपल्याच हवेची. हे मोजतात इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णतेच्या न दिसणाऱ्या उजेडात; त्यात ती स्वतःच चमकते, आणि सारखी बदलते. म्हणून शेजारचा एक तारा सोबत मोजतात आणि आपल्या ताऱ्याच्या उजेडाला त्याच्या उजेडानं भागतात. हवेनं दोघांना सारखंच मंद केलं असेल तर भागाकारात हवा निघून जाते आणि ग्रह उरतो. हिमालयातल्या एका दुर्बिणीवर आम्हाला एकच रात्र मिळाली होती. त्या रात्रीच्या भागाकारात, बरोबर ग्रहणाच्या, म्हणजे ग्रह ताऱ्यामागे जायच्या वेळी, आलेखाच्या रेषेला खड्डा पडला होता. त्यावरून तापमान निघालं बावीसशे अंश.

तेव्हापासून तळमजल्यावरचे काका जिन्यात अडवायचे. "काय सर, आज तिकडं किती?"

"बावीसशे."

"मग आपलं त्रेचाळीस म्हंजे थंडीच की!"

त्या दिवशी बायको गेल्यावर माझ्या मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. "जमा करण्याआधी एक तपासणी करून टाका. त्याच चित्रात तिसरा एक तारा आहे ना, अंधुकसा? त्यालाही तुलनेच्या ताऱ्यानं भागा. रेषा सपाट यायला हवी. परीक्षक पहिलं हेच विचारतात."

तासाभराचं काम होतं. केलं. तिसऱ्या ताऱ्यालाही खड्डा होता. तीच वेळ, तीच खोली. आधी वाटलं, चुकीची फाइल उघडली. पुन्हा केलं. तेच.

दोन तारे एकदम, सारखेच खाली जात नाहीत. ज्यानं भागलं तोच वर गेला होता. त्या वेळात दुर्बीण किंचित सरकली होती आणि तुलनेच्या ताऱ्याचा ठिपका कॅमेऱ्याच्या जास्त उजेड नोंदवणाऱ्या पिक्सेलांवर जाऊन बसला होता. माप फुगलं होतं आणि मी म्हणत होतो, दूध कमी भरलं. मग आमच्या ताऱ्याला तिसऱ्या ताऱ्यानं भागलं. खड्डा गेला. बिंदूंचा पसारा एवढा, की खरा खड्डा असता तरी त्यात बुडाला असता.

बायकोला फोन लावला.

"कळवलं मी त्यांना," ती म्हणाली. "बोला."

"काही नाही. घरी ये, मग बोलू."

मॅडमना आकडे पाठवले. ते तपासून त्यांनी फोन केला. "सव्वीसशेच्या वर नाही, एवढी मर्यादा देता येईल. तोही निकालच असतो."

"प्रबंधाला पुरेल?"

"तेवढ्यावर नाही पुरणार," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर काका होतेच. "किती आज?"

"सव्वीसशेच्या वर नाही, एवढंच सांगता येतं."

"वाढलं म्हणा की! बरोबर हाय. आज हितंबी लई हाय."

बायको आली. मी दोन्ही रेषा दाखवल्या. रोज आकडे बघणारी बाई, तिला फार सांगावं लागलं नाही.

"यातली खरी कुठली?"

"ही. सपाट."

"म्हणजे ग्रह नाहीच?"

"आहे. आम्हाला मोजता आला नाही."

"परत एक रात्र मिळेल?"

"अर्ज करता येईल. जूनच्या आत नाही मिळणार." मग मी विचारलं, "नकार मागे घेता येतो का?"

"माझ्यासमोरच यादीतल्या पुढच्या नावाला फोन गेला."

तिनं हेल्मेट खुंटीला अडकवलं. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा येत होती. बटण बंद करून ती म्हणाली, "सकाळी विचारलं होतं तुम्हाला."