काशाबाईंच्या घरचं पाणी

१९८२ च्या जूनमधला पहिला रविवार. रक्कम महिना तीनशे रुपये. हजर चौघं — मी, माझी पत्नी सुशीला, आमचे पाळकसाहेब आणि मार्क. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सुशीलाला सांगावं लागलं नाही. तिला ते माहीतच आहे.

मार्क कॅनडातून आला होता, मिशनच्या कामाची वर्षभर उमेदवारी करायला. वय बावीस. नाशिकच्या एखाद्या ख्रिस्ती घरात राहावं, तिथलंच खावं, मराठी शिकावं, अशी योजना होती. आमची पुढची खोली रिकामी होती. मिशन आम्हाला देणार त्या तीनशेतले पंचवीस रुपये रॉकेलचे धरले होते, कारण मिशनची एक अट होती — त्याचं पिण्याचं पाणी वीस मिनिटं खळखळून उकळायचं. पाळकसाहेबांनी ती दोनदा सांगितली. मी दोनदा मान डोलावली.

मार्क शिकला तो पहिला मराठी शब्द ‘उकळलेलं’. पेला हातात घेऊन विचारायचा — उकळलेलं? सुशीला हसून हो म्हणायची. महिन्याभरानं त्यानं विचारणं सोडून दिलं. आमच्यावर विश्वास बसला, दुसरं काय?

मी अंबडला एका कारखान्यात हिशेब लिहीत होतो. गॅसला नंबर लावलेला होता, पण सिलिंडर काही येत नव्हता. रेशनचं रॉकेल पुरत नसे, बाहेरचं परवडत नसे. जुलैत नळाला गढूळ पाणी यायला लागलं आणि मी सुशीलाला म्हणालो, वीस मिनिटं कशाला, कोमट करून गाळून ठेव. आपली पोरं पितातच ना?

“अहो, त्याच्या आईनं आपल्या भरवशावर धाडलंय त्याला,” ती म्हणाली.

“मग मी काय विष पाजतोय?”

स्टोव्ह विझवायला ती तयार होईना. तेव्हापासून तो मी विझवू लागलो. पाण्याला आधण यायच्या आत. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर — महिन्याला वीस रुपये वाचले. साठ.

आता काशाबाई. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एक गाव आहे. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या मुलांना मार्क शनिवारी गाणी आणि थोडं इंग्रजी शिकवायचा. भाषा अडली तर असावा म्हणून मी बरोबर. मुलं काशाबाईंच्या ओट्यावर बसत. बाई एकट्याच, कांदा निवडायच्या कामाला जाणाऱ्या. गावात त्यांच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. हे मार्कला मीच समजावून सांगितलं होतं. ऑगस्टातल्या एका शनिवारी त्यानं आपली बाटली पिशवीत टाकली आणि त्यांच्याकडे पाणी मागितलं.

काशाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “चालंल का हो भाऊ याला?”

“चालंल,” मार्कच बोलला, आणि पोरं खिदळली.

त्यांनी तांब्या राखेनं घासला. धुतला, पुन्हा घासला. “हिरीचं हाय. लय गोड. पे बाबा.” त्यानं तो उभ्या उभ्या संपवला. शेजारच्या म्हाताऱ्या दारात येऊन बघत होत्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ही हकीकत मीच सांगितली — अभिमानानं. तिथं तो एकदाच प्यायला. एक तांब्या. आमच्या घरी तीन महिने.

सप्टेंबरच्या शेवटी तो व्हरांड्यातल्या आरशासमोर दाढी करत होता. वळून मला सुप्रभात म्हणाला, आणि मला त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला. मी काय केलं असेल? चपला घातल्या आणि कामावर गेलो. दोन दिवस मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

कावीळ. डॉक्टर म्हणाले, यकृताला बरीच सूज आहे, झापड वाढली तर मुंबईला हलवावं लागेल. मी भ्यालो — पण कशाला? तो जाईल याला? नाही. परदेशी माणूस दगावला तर पोलीस येतात, घरात शिरतात, पातेलं बघतात, याला भ्यालो. गल्लीतले पेंडसे सहज म्हणाले, “काय हिशेबनीस, पाहुण्याला पाजलंत तरी काय?” थट्टाच ती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर डॉक्टर होते, पाळकसाहेब होते, मिशनच्या प्रमुख बाई मुंबईहून आल्या होत्या. सुशीला माझ्या मागे. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिना-दीड महिन्यात बाहेर कुठं पाणी प्यायला होता का? मी म्हणालो, “हो. वस्तीवर, काशाबाईंच्या घरी. मी नको म्हणत होतो.”

सुशीलानं माझा सदरा मागून धरला होता. तो तिनं सोडला.

मार्क वाचला. महिन्यानं, हाडं निघालेला, मायदेशी गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं सुशीलाची माफी मागितली — तुम्ही एवढं उकळलेलं पाणी देत होता, मी नियम मोडला. ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी त्याची बॅग बांधत राहिलो.

वस्तीवरचा वर्ग बंद झाला. का बंद झाला, हे मिशनच्या माणसानं तिथं जाऊन सांगितलं. ते गावात पसरलं. गावातली माणसं म्हणत, “बघा. आम्ही यांच्या हातचं पीत नाय ते उगाच नाय.” हे मला पुढे पिंपळगावच्या एका टेम्पोवाल्यानं हसत हसत ऐकवलं.

सहा वर्षांनी, कारखान्याच्या बिलासाठी पिंपळगावला गेलो असताना, मी त्या वस्तीवर गेलो. खिशात साठ रुपये वेगळे ठेवले होते. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. काशाबाईंनी ओळखलं.

“त्या पोराबर यायचे ते भाऊ ना? बरं हाय का ते?”

बरा आहे, म्हणालो.

“बसा. पानी देते, पण थांबावं लागंल. आता उकळल्याबिगर नाय देत मी कुनाला. माझं पानी बाधलं ना त्याला.”

त्यांनी चुलीत काटक्या सारल्या. सरपण ओलं होतं, त्या फुंकत होत्या, खोकत होत्या. पाण्याला आधण आलं तरी त्यांनी ते उतरवलं नाही, खळखळू दिलं. मी ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होतो. सांगायला वेळ नव्हता का? भरपूर होता. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायची मला भीती वाटली. पाणी निववून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि मी सगळं प्यायलो.

साठ रुपये पुढच्या रविवारी चर्चच्या दानाच्या थैलीत टाकले, नाव न सांगता. काशाबाईंना मी दिला तो रिकामा तांब्या.